दर्शना मेथरचं रक्तजुळं

ईश्वरीने आईवर ओरडायचं थांबवलं, तेव्हाच दर्शनाला संशय यायला हवा होता.

त्या दुपारी तिने मुद्दामच सुकटीची चटणी ताटात घेतली. डायलिसिसवरच्या माणसाला मीठ म्हणजे वैरी, हे तिला तोंडपाठ होतं. लेक समोर असताना चटणीकडे नुसतं पाहिलं तरी घर डोक्यावर घेतलं जाई. पण ईश्वरीने ताटाकडे पाहिलं, जरा थांबली आणि मऊ आवाजात म्हणाली, "घे गो आये आणखी थोडी. तुका आवडता मा."

दर्शनाच्या हातातला घास हातातच राहिला.

दर्शना मेथर कर्ली खाडीच्या काठावरच्या मांडवे गावची. वय चोपन्न. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात मायलेकी दोघीच. गावातल्या बायकांना जमवून तिने खाडीत कालवांची शेती उभी केली होती. बांबूचे तराफे, त्यांना लोंबणारे दोर आणि दोरांवर वाढणारी कालवं. ओहोटी लागली की कमरेएवढ्या पाण्यात उतरून दोर तपासायचे, चिखल धुवायचा, मेलेले शिंपले खरवडून टाकायचे. हे काम तिने काठावर बसून कधी केलं नव्हतं. काठावरून हुकूम सोडणाऱ्या माणसांचा तिला मनापासून तिटकारा होता.

वर्षानुवर्षांचा रक्तदाब आणि अंगदुखीवर मूठमूठ घेतलेल्या गोळ्या, यांनी तिची मूत्रपिंडं हळूहळू खाल्ली. पावसाळ्याच्या तोंडावर ती कोसळली. तेव्हापासून मानेच्या मोठ्या शिरेत एक तात्पुरती नळी खुपसलेली होती आणि आठवड्यातून तीनदा तालुक्याच्या डायलिसिस केंद्रात जावं लागत होतं.

तिथे यंत्र मूत्रपिंडाचं काम करी, पण यंत्रापर्यंत रक्त न्यायला वाट लागते. हातावरच्या साध्या शिरेतून रक्त फार सावकाश येतं. धमनीत जोर असतो, पण ती खोल असते आणि तिला रोज भोसकता येत नाही. म्हणून शल्यचिकित्सक हातातली एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडतात. धमनीचा जोर शिरेत शिरतो. काही आठवड्यांत ती शीर रुंदावते, तिची भिंत जाड होते आणि सुया सोसायला ती तयार होते. शीर चांगली नसेल तर कातडीखाली कृत्रिम नळी घालून जोड देतात. तेही जमत नसेल तर मानेतली नळी उरते. ती लगेच कामाला येते, पण तिचं एक टोक अंगाबाहेर आणि दुसरं थेट हृदयापाशी. जंतूंना याहून सरळ रस्ता नाही. असा माणूस पाण्यात उतरू शकत नाही.

यातली कुठली वाट कुणाला, हे पूर्वी डॉक्टर हाताने चाचपून आणि अनुभवाने ठरवत. आता ते रक्तजुळं ठरवत असे. माणसाच्या हातापायांवरून ध्वनिलहरी फिरवायच्या, हृदयाची चाल मोजायची, रक्ताच्या तपासण्या जोडायच्या. मग यंत्राच्या पोटात त्या माणसाच्या सगळ्या रक्तवाहिन्यांचं हुबेहूब जुळं तयार होई. त्या जुळ्यावर यंत्र प्रत्येक शस्त्रक्रिया हजारदा करून पाही, पुढली वर्षं भराभर सरकवी, आणि कुठली जोड टिकेल ते सांगे. यंत्र वाईट नव्हतं. ते आल्यापासून फुकट चिरले गेलेले हात निम्म्याने कमी झाले होते. सरकारी योजनाही त्याच्याच शब्दावर चालायची.

आणि तालुक्याच्या केंद्रात ते यंत्र चालवणारी तंत्रज्ञ होती ईश्वरी मेथर.

"कायमची नळी," त्या चटणीच्या दुपारच्या आदल्याच आठवड्यात डॉ. यशोधन खर्डेकर म्हणाले होते. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्या सबंध पट्ट्यात शिरा जोडण्याचं काम तेच एकटे करत. "ही मानेतली काढू. छातीच्या कातडीखालून दुसरी बसवू. ती कायम राहील."

"आणि पाण्यात?"

"पाण्यात नाही, दर्शनाताई. अंघोळसुद्धा जपून."

"शीर जोडून घेतली तर?"

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. तिच्याच हाताचं लाल-निळं जाळं तिथे मंद धडधडत होतं. "मागे तापात तुम्हाला भरपूर सलाइन लावलं, त्यात मनगटाच्या शिरा करपल्यात. जुळ्यावर मनगटाची जोडणी हजारदा करून पाहिली. आठशे दहा वेळा शीर बंद पडली."

"आणि उरलेल्या येळांक?"

"उरलेल्या वेळा चालली."

"मगे माका त्या उरलेल्यांत घाला."

डॉक्टर हसले. ती हसत नाही हे पाहून त्यांचं हसू ओसरलं. "फक्त शिरेचा प्रश्न नाही," ते म्हणाले. त्यांची नजर ईश्वरीकडे गेली, ईश्वरीची खिडकीबाहेर.

दर्शनाने ती नजर पाहिली. पण अर्थ लागला तो सुकटीची चटणी तोंडाशी धरून बसली होती तेव्हा.

मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. ईश्वरी हल्ली रोज लवकर घरी येत होती. आईचं बोलणं चोरून फोनमध्ये साठवत होती. तिचं लग्न निखिलशी ठरलं होतं. तो मालवाहू जहाजावर होता, आणि दीड वर्षाने करार संपला की लग्न करायचं ठरलं होतं. आता अचानक ती म्हणत होती, "निखिल सुट्टी काढता. मार्गशीर्षात उरकून टाकूया."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर कालवं निवडून झाली. बाकीच्या बायका टोपल्या घेऊन गेल्या आणि दोघीच उरल्या, तेव्हा दर्शनाने विचारलं.

"ईश्वरी, खरा सांग. त्या यंत्रान माका किती दिवस दिल्यान?"

ईश्वरीने सुरी पुसायला घेतली. "तसा काय नसता, आये."

"मी तुका वाढवलंय. तुजा रागावणा माका कळता, रुसणा कळता. ही गोडी खयसून इली, ताच कळणा नाय. सांग."

खाडीवरून एक होडी फटफटत गेली. तिचा आवाज विरेपर्यंत ईश्वरी सुरीच पुसत राहिली. मग म्हणाली, "चौदा म्हयने."

जोडलेली शीर तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. कधी ती पुन्हा दुरुस्त करावी लागते. माणूस ती वापरायला जगणारच नसेल तर त्याचा हात कशाला चिरायचा? म्हणून यंत्र आधी आयुष्य मोजायचं. तो आकडा रोग्याला दाखवायचा नाही असा नियम होता, पण यंत्र चालवणाऱ्याला तो दिसायचाच. ईश्वरीने आपल्याच आईच्या अंगावरून ध्वनिलहरी फिरवल्या होत्या, आणि खाली कोपऱ्यात तो आकडा उमटताना पाहिला होता.

 आपण घाबरू असं दर्शनाला वाटलं होतं. आला तो राग.

"आणि म्हणान तू माका सुकट वाढतंस?"

"तुका आवडता ता तुका मिळूंदे, इतक्याच वाटला माका…"

"माका भांडणारी चेडू होई! मेलेल्या माणसावांगडा कोण भांडत नाय, ईश्वरी. तू माज्याशी भांडूक सोडलंस, त्याच दिवशी माका जाळून इलंस."

ईश्वरी हुंदका देऊन रडायला लागली. दर्शनाने तिला जवळ घेतलं नाही. तिने कालवांची टोपली कमरेवर घेतली आणि चालता चालता मागे न बघता म्हणाली, "आणि लगीन ठरला तेवाच होतला. त्या यंत्राच्या पंचांगान माज्या घरात मुहूर्त काढूचे नाय."

दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ईश्वरी केंद्रातून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरली.

"आये, मी त्या जुळ्याक दुसरो प्रश्न घातलंय. म्हटला, शीर जोडली आणि ती चालली असा धर. मगे किती?"

"मगे?"

"सहा-सात वर्सां."

दर्शनाने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. ईश्वरी भराभर सांगायला लागली आणि तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी धार होती. यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते दर्शनासारख्या हजारो बायकांच्या नोंदींवरून शिकलं होतं. तेच वय, तोच रक्तदाब, तसंच हृदय. पण त्या बायकांतल्या बहुतेकींना मानेतून नळीच दिलेली होती, कारण यंत्रानेच तसं सुचवलं होतं. नळीतून जंतू शिरले, त्या लवकर गेल्या. त्यांचं लवकर जाणं पुन्हा यंत्राच्या नोंदीत गेलं. त्यावरून ते आणखी शिकलं, की अशा बायका फार जगत नाहीत. आणि पुढच्या बाईला त्याने आणखी ठामपणे नळी सुचवली.

"म्हणजे नळी म्हणान मराण," दर्शना हळू म्हणाली, "आणि मराण म्हणान नळी."

"होय. आणि चालली तर किती, ह्या कोण इचारणाच नाय. माकाय सुचला नाय, आये. मी आकडो बघलंय आणि रडत बसलंय."

"आता रडाचा नाय. चल."

डॉ. खर्डेकरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, हेच दर्शनाला आधी खटकलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी दोनदा वर कळवलंय. उत्तर आलेलं नाही. यंत्राच्या विरुद्ध जायची मुभा मला आहे, पण फसलं तर जबाब मी द्यायचा. गेल्या वर्षी एक फसलं. आता फसलं तर मला इथे शस्त्रक्रिया करू देणार नाहीत. मग या पट्ट्यातल्या माणसांनी शीर जोडायला कुठे जायचं? मला त्यांचाही विचार करावा लागतो."

हे खोटं नव्हतं. दर्शनालाही ते पटलं, आणि पटलं म्हणूनच तिचा आवाज चढला नाही.

"डॉक्टर, म्हणजे तुमी तुमचो हात राखून ठेवतास. कोणासाठी? जेंका यंत्र होय म्हणता, तेंच्यासाठी. तेंका तर यंत्राच वाचवता. जेंका ता नाय म्हणता, तेंच्यासाठी तुमी नाय तर मगे कोण?"

डॉक्टरांनी संमतीचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"कायमच्या नळीक मी सही करूचंय नाय," ती म्हणाली, "आणि ही मानेतली पण काढा. आत्ता."

"ही काढली तर तुम्ही फार तर दहा-बारा दिवस…"

"माका ठावक आसा. पण ते दहा दिवस माजे असतले. मी खाडीत असान."

डॉक्टर ईश्वरीकडे वळले. "तू तरी सांग यांना. तू इथली तंत्रज्ञ आहेस."

 आई हे बोलणार आहे याची ईश्वरीला कल्पना नव्हती. ती आईच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरून. "सर, मी हिची मुलगी आहे," ती म्हणाली. "हिचं ऐका."

डॉ. खर्डेकरांनी दर्शनाचा डावा हात उचलला आणि मनगटापासून वर एकेक बोट दाबत गेले. जुन्या काळी चाचपायचे तसे. पडदा बंदच होता.

मनगटाची जोडणी पुढच्याच आठवड्यात झाली; शीर तयार होईपर्यंत मानेतली नळी ठेवायला दर्शना कबूल झाली होती. हात बधिर केला होता, पण दर्शना जागी होती आणि छताकडे पाहत होती. सगळं आटोपल्यावर डॉक्टरांनी तिची बोटं टाक्यांच्या वरच्या बाजूला ठेवली. कातडीखाली काहीतरी घुरघुरत होतं, मांडीवर झोपलेल्या मांजरासारखं. धमनीचं रक्त शिरेत धावत होतं. ही थरथर आहे तोवर जोड जिवंत, रोज हात लावून बघायचं, असं त्यांनी सांगितलं.

ती रोज नव्हे, तासातासाला बघत होती. पाचव्या सकाळी बोटं ठेवली तर खाली काहीच नव्हतं.

केंद्रात डॉक्टरांनी रक्ताचा आवाज ऐकायचं यंत्र मनगटावर टेकवलं, पुन्हा टेकवलं, आणि खाली ठेवलं. "बंद पडली," ते म्हणाले. रक्त गोठलं होतं. यंत्राने सांगितलं होतं तसंच.

बाहेरच्या बाकावर ईश्वरी फुटली. "समाधान झाला तुजा? सरांचा काय होतला आता? आणि तुका परत ताप इलो म्हणजे? कोणाचा आयकूचाच नाय, असा ठरवलंस! हेकट मेली!" येणारीजाणारी माणसं वळून पाहत होती. ती थांबली नाही. सुकटीपासून सगळं काढलं.

दर्शना ऐकत होती. हात दुखत होता, हरल्याचं तोंडात कडू साचलं होतं. पण लेक तिच्याशी जिवंत माणसाशी भांडावं तशी भांडत होती. "झाला तुजा बोलान?" तिने शेवटी विचारलं. "एकदा हरलंय. हात अजून खांद्यापर्यंत आसा."

कायमच्या नळीच्या कागदावर तिने त्या दिवशीही सही केली नाही.

दोन दिवसांनी, ती डायलिसिसच्या खुर्चीत असताना, डॉ. खर्डेकर स्वतः येऊन शेजारी स्टुलावर बसले. खिशातून पेन काढून त्यांनी तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला, कोपरापासून काखेपर्यंत, एक लांब रेघ ओढली.

"इथे एक शीर असते. खोल. खोल असल्यामुळे सलाइनच्या सुया तिच्यापर्यंत कधी पोचल्या नाहीत, म्हणून ती अजून कोरी आहे. पण तेवढ्यामुळेच डायलिसिसच्या सुयाही पोचणार नाहीत. आधी तिला धमनी जोडायची. ती जाड झाली की दंड एवढा लांब उघडून तिला आतून सोडवायची आणि कातडीच्या लगेच खाली आणून बसवायची. दोन ऑपरेशनं. दुसरं चांगलंच दुखेल. हात गार पडू शकतो, बोटांना मुंग्या राहतील. कदाचित कायमच्या."

"यंत्र काय म्हणता?"

"मी विचारलं नाही," डॉक्टर म्हणाले.

दर्शनाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणूस थकलेला दिसत होता, पण त्याच्या आवळलेल्या जबड्यात हट्ट दिसत होता. तो तिच्या ओळखीचा होता.

पहिल्या ऑपरेशनानंतर थरथर राहिली. आठवडा गेला, महिना गेला, तरी राहिली. दुसऱ्या ऑपरेशनाची जखम सांगितल्याप्रमाणेच दुखली. दंडावर काखेपर्यंत टाक्यांची लांब रांग उठली, करंगळी बधिर झाली ती झालीच. सुतासारखी असलेली शीर बोटाएवढी झाली. रोज सकाळी ईश्वरी आईच्या दंडाला कान लावून ऐकायची आणि मग कामाला जायची. ज्या दिवशी त्या शिरेत पहिल्यांदा दोन सुया गेल्या आणि डायलिसिसचं यंत्र चार तास विनातक्रार चाललं, त्याच्या पुढल्या पंधरवड्यात मानेतली नळी निघाली. तिथे उरलेल्या खळीवर दर्शनाने नुसतं बोट फिरवलं.

डॉक्टरांची चौकशी लागली. शीर चालली म्हणून ती टळली नाही. यंत्राला न विचारता चिरल्याबद्दल होती. चौकशीला राजधानीतून एक अधिकारी बाई आल्या, सुजाण, नीटस. त्या दर्शनालाही भेटल्या. तिची हकिकत रक्तजुळ्याच्या शिक्षणात घ्यायला तिची संमती हवी होती.

"घ्या," दर्शना म्हणाली. "पण पयली शीर बंद पडली, ती पण घ्या. यंत्र तेवा बरोबर होता. आणि दुसरी मी अडान बसलंय म्हणान झाली, ता खय घालतालास?"

अधिकारी बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "त्याला रकाना नाही."

"मगे एक प्रश्न तरी घाला. चालली तर किती, ता प्रत्येकाक सांगा. आणि आकडो लपवन ठेवू नका. ज्येचो आसा त्येका देवा. घाबरात, नायतर भांडात. त्येचा तो बघात."

बाईंनी ते लिहून घेतलं. वर काय झालं ते अजून कळलेलं नाही. डॉक्टरांचा निकालही लागलेला नाही. तोवर ते शस्त्रक्रिया करताहेत. पण मांडव्याच्या तालुक्यातल्या केंद्रात ईश्वरी मेथर प्रत्येक रोग्याला पडद्यासमोर बसवून दोन आकडे दाखवते, नळीचा आणि शिरेचा. तसं करायला तिला कुणी सांगितलेलं नाही. नको म्हणायला अजून कुणी आलेलं नाही.

दर्शना पाण्यात उतरायला लागली, ती डॉक्टरांशी पुन्हा एकदा वाद घालूनच. कालवाच्या शिंपल्याची धार त्या शिरेला लागली तर रक्त थांबवणं कठीण, हे त्यांचं म्हणणं तिने ऐकलं. पाणबुड्यांच्या जाड रबरी पोशाखाची एक बाही कापून घेतली आणि खांद्यापर्यंत चढवली. सुया टोचायच्या दिवशी पाणी नाही, डाव्या हाताने ओझं नाही, हेही मान्य केलं. गार पाण्यात डाव्या हाताची बोटं निळसर पडतात. मग ती बोटं काखेत धरून ऊब देते आणि पुन्हा कामाला लागते.

परवा ओहोटीला ती उतरायच्या तयारीत असताना काठावर एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. पदर मानेभोवती घट्ट लपेटलेला. कशासाठी ते दर्शनाला विचारावं लागलं नाही.

"मी वेंगुर्ल्यासून इलंय," ती म्हणाली. "शाळेत शिकवतंय. म्हणजे… शिकवी होतंय. माका थयल्या एका नर्सान चोरून अकरा म्हयने सांगितल्यान. तुमचो हात बघूचो होतो."

दर्शनाने रबरी बाही खाली ओढली. दंडावरची जाड, वळणाची शीर उन्हात उघडी पडली, शेजारी लांब व्रण. ती दिसायला सुरेख नव्हती. बाई जरा मागे सरकली. दर्शनाने तिचा हात धरला आणि आपल्या शिरेवर दाबून ठेवला.

"लागता?"

बाईचे डोळे मोठे झाले. "लागता. केदा जोरान धावता हा."

"तुजो दुसरो आकडो इचारलंस?"

"दुसरो कसलो?"

"मगे आधी तो इचार. नाय म्हटल्यानी तर बसान रव. उठाचा नाय."

पाणी उतरत चाललं होतं, तराफ्यांचे बांबू उघडे पडायला लागले होते. बायका हाका मारत होत्या. दर्शनाने बाही वर चढवली, गाठ मारली, आणि पहिलं गार पाणी पोटऱ्यांना लागलं तशी दोन शिव्या हासडून ती आत चालत गेली.